पाटणचा मठ आणि ‘श्रेढी’चे गणित

१/ दहावीच्या बीजगणितात ‘अंकगणिती श्रेढी’ हे प्रकरण असते. हाच ‘श्रेढी’ शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. तो ग्रंथ शिकवला जावा म्हणून आपल्या खानदेशात एक मठ स्थापन झाला होता. त्याचा हा धागा.

२/ भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग असून त्यात ‘श्रेढीव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण आहे.

३/ त्यातील एक उदाहरण दानाचे आहे. पहिल्या दिवशी ४ द्रम्म दिले, पुढे रोज ५ वाढवत गेले. तर एका पक्षात, म्हणजे १५ दिवसांत, किती दिले? पहिले पद म्हणजे ‘आदि’, वाढ म्हणजे ‘चय’, पदांची संख्या म्हणजे ‘गच्छ’. शेवटच्या दिवसाचे दान ७४. ४ आणि ७४ यांचे निम्मे ३९, हे ‘मध्यधन’. त्याला १५ ने गुणले की ‘सर्वधन’ ५८५. आजचे सूत्र याहून निराळे नाही.

४/ दुसरा दाता पहिल्या दिवशी केवळ २ कवड्या देतो. मात्र रोज दुप्पट करण्याचा शब्द देतो. महिनाअखेर बेरीज होते २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्कांहूनही अधिक! बेरजेची वाढ आणि गुणाकाराची वाढ यांतील अंतर येथे डोळ्यांत भरते.

५/ यासाठी २ चा तिसावा घात हवा. भास्कराचार्यांची रीत अशी: संख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहा. ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ०. मग या खुणा उलट क्रमाने वापरत एकापासून वर या. तीस गुणाकारांचे काम आठ पायऱ्यांत होते.

६/ आता चाळीसगावजवळच्या पाटणला येऊ. तेथील शके ११२८ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचे नातू आणि यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला. निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

७/ लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील विक्रीवरचे राजाचे उत्पन्न मठाला, आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. ग्रंथ आचार्यांनी रचला. तो शिकवणाऱ्या मठाचा भार मात्र पाटणच्या बाजाराने आणि तेल्यांनीही उचलला. पुढच्या वेळी श्रेढीचे गणित सोडवताना त्या पळीभर तेलाचीही आठवण ठेवावी.