कलम १४४ : अंबडच्या संचारबंदीच्या निमित्ताने

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेले मनोज जरांगे पाटील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मुंबईकडे निघाले आणि रात्री भांबेरीत थांबले. जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मध्यरात्रीपासून अंबड तालुक्यात संचारबंदी लागू केली. आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ म्हणून आहे. क्रमांक बदलला, अधिकार तोच राहिला. तिच्यातील मुख्य वचनांचा आशय मराठीत देऊन हे भाष्य केले आहे.

१. ‘दंडाधिकाऱ्याच्या मते पुरेसे कारण असल्यास’

मत म्हणजे मर्जी नव्हे. त्यामागे कारण लागते. अंबडला ते होते का? २६ तारखेच्या सकाळी तीर्थपुरीत एसटी बस जाळली गेली, म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. पण १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवालीतल्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, गावकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. तेव्हा गावाच्या मनातल्या अविश्वासालाही कारण होतेच. ‘पुरेसे कारण’ ठरवताना हेही तागडीत टाकावे लागते.

२. ‘तातडीचा प्रतिबंध इष्ट असल्यास’

या मुलखाने उलटा कायदाही पाहिला आहे. निजामाच्या राजवटीत गश्ती निशान ५३ या परिपत्रकानुसार सभेला आधी परवानगी लागे. बंदी हा नियम आणि सभा हा अपवाद. १९३७ साली आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते त्याच राज्यात. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क देऊन हा क्रम फिरवला. ‘तातडी’ या अटीमुळे बंदी अपवादाच्या जागी राहते. ती गाळली तर गश्ती निशान मागच्या दाराने परत येते.

३. ‘महत्त्वाची वस्तुस्थिती नमूद करून लेखी आदेशाने’

कलमाचा प्राण या वचनात आहे.

शंका : दंगल दाराशी आली असताना अधिकाऱ्याने कागद रंगवत बसायचे काय?

समाधान : दोन परिच्छेद लिहायला रात्र जात नाही. तातडी असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश काढण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. कारणे न लिहिण्याची मात्र दिलेली नाही. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेशात वस्तुस्थिती यावी, आणि मत किंवा गाऱ्हाणे मांडण्याचा रास्त हक्क दडपायला हे कलम वापरू नये. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ हे ठरावीक वाक्य म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. कुठे, कोण, केव्हा आणि कशावरून, हे आले पाहिजे.

४. ‘विशिष्ट भागात राहणाऱ्यांना’

आदेश एका माणसापुरता काढता येतो, तसाच एका भागापुरताही. अंबडला पूर्ण तालुका धरला. सरकारी कार्यालये, शाळा, दवाखाने, दूधवाटप, राष्ट्रीय महामार्गावरची वाहतूक यांना सूट होती. अधिकाऱ्याला काय अत्यावश्यक वाटते ते या यादीतून कळते. म्हणून आदेश वाचताना ती आधी पाहावी. २६ तारखेला जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत काही तास इंटरनेटही बंद होते. हा अधिकार निराळा. तेव्हाच्या २०१७ च्या नियमांनुसार तो सहसा राज्याच्या गृह सचिवाचा, आणि भसीन निकालाप्रमाणे तो आदेशही प्रसिद्ध करावा लागतो. नेट गेले की अफवा थांबतात असे मानतात. पण अफवा खोडून काढणारी बातमीही थांबते, आणि फोनवरून मजुरी घेणाऱ्याचा दिवस बुडतो.

५. ‘दोन महिन्यांपेक्षा अधिक नाही’

अंबडचा आदेश पुढील आदेशापर्यंत होता. असे शब्द असले तरी दोन महिन्यांची कमाल मर्यादा सुटत नाही. राज्य सरकारला ती आणखी सहा महिने वाढवता येते, तीही ठरावीक कारणांसाठीच. इथे तर २६ तारखेलाच जरांगे यांनी उपोषण मागे घेतले. कारण संपले की बंदीही संपली पाहिजे. कमाल मुदत म्हणजे पुरी वापरायची मुदत नव्हे.

६. ‘बाधित व्यक्तीच्या अर्जावरून रद्द किंवा बदल’

नागपुरात गिरणी कामगारांच्या वादात १९५६ साली निघालेला असाच आदेश बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली घटनापीठाने हे कलम वैध ठरवले, तेव्हा दाद मागण्याची ही वाट खुली असणे हेही लक्षात घेतले. अर्जदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. अर्ज फेटाळला तर कारणे लेखी द्यावी लागतात.

निष्कर्ष : सुरक्षेचा अधिकार आणि त्याचा लगाम दोन्ही एकाच कलमात आहेत. प्रशासन पहिले वचन वाचून थांबते, आणि शेवटचे वचन आपण वाचतच नाही. पुढच्या वेळी असा आदेश निघाला तर प्रत मागा, कारणांचा परिच्छेद वाचा, मुदत पाहा. आणि बाधा पोहोचत असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.