पाठ केलेले वचन आणि पालटलेले मन

रविवारच्या शाळेत मुलांकडून सुवर्णवचने पाठ करून घेण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. एका नाताळात सर्व वचने न अडखळता म्हणणाऱ्या मुलीला मी बक्षीस दिले. आठवडाभरातच तिने धाकट्या भावावर खोटा आळ घातला. मी तिला वर्गासमोर उभे करून क्षमा मागायला लावली. क्षमा तिने मागितली. पण पुढचे तीन रविवार ती आलीच नाही.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. रमाबाईंचा जन्म 1858 चा. आईने लहानपणीच संस्कृत शिकवले. पुराणे मुखोद्गत झाली. पाठांतरात त्यांची बरोबरी कोण करणार? 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही पुढे 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. भगिनींनो, एवढ्या विदुषीला जे उशिरा उमगले, ते आपल्या आठ-दहा वर्षांच्या लेकरांनी नाताळापर्यंत दाखवावे, असा आपला हट्ट का?

1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्माची सक्ती नव्हती. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. यावरून गदारोळ झाला. 1893 साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलांचे मन कोवळे असते ही पालकांची भीतीही अगदीच खोटी म्हणता येणार नाही. परंतु बाईंनी दार लावले नाही आणि कोणाला ओढूनही आत नेले नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, भेदरलेल्या मुली केडगावला आणल्या. आधी त्यांना अन्न दिले, मग अक्षरओळख, विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवले. 1905 च्या जानेवारीत मुलींचा प्रार्थनागट सुरू झाला आणि जूनअखेरीस मुक्तिसदनात मोठी जागृती झाली. मुली रडून आपापले अपराध सांगू लागल्या. पुढे त्यांच्यातील टोळ्या गावोगाव सुवार्ता सांगायला निघाल्या. त्याआधीची कित्येक वर्षे बाईंनी माया केली, शिकवले, प्रार्थना केली आणि वाट पाहिली. दगडी हृदय काढून मांसाचे हृदय देणे हे देवाचे काम, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. शिक्षिकेने जमीन नांगरावी. अंकुर ओढून वर काढू नये.

हे वाचल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. "चारचौघांत तुला लाजवले, ती माझी चूक झाली," असे तिच्या आईदेखत म्हणाले. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र भावाचा हात धरून आली. तिचे मन पालटले की नाही, ते प्रभू जाणे. माझे मात्र थोडेसे पालटले.

आपल्या मंडळातील मातांना एवढीच विनंती, की वचने अवश्य पाठ करून घ्या; पण आपली चूक झाली तर मुलांपुढे ती कबूल करा. पश्चात्ताप म्हणजे काय, हे त्यांना तेथेच प्रथम दिसेल.