रोग्याजवळ बसणारे माणूस

२०१२ साली झी मराठीवर 'उंच माझा झोका' सुरू झाली, तेव्हा आमच्या घरी त्या वेळेला फोन वाजला तर कोणी उठत नसे. छोटी रमा सर्वांना आवडली, आम्हालाही. पण रमाबाई रानडे यांच्या आयुष्यातला जो भाग आज वाचकांपुढे मांडायचा आहे, तो पाटी-पेन्सिलीचा नाही. तो आजारपणाचा आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ पासून मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते. १९०० साली त्यांचे हृदयाचे दुखणे बळावले. डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद भरायची होती. १८८७ साली ही परिषद सुरू झाली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने, आणि तिच्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केला होता. या वेळी मात्र प्रकृतीने जाऊ दिले नाही. गोपाळ कृष्ण गोखले लाहोरला गेले, माधवराव मुंबईतच राहिले. जानेवारीत त्यांनी कोर्टातून रजा घेतली. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री ते गेले. आणखी दोन दिवसांनी त्यांना ५९ वर्षे पूर्ण झाली असती. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या.

'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. आपण ते थोर पुरुषाचे चरित्र म्हणून वाचतो. आम्ही गेल्या वर्षी ते पुन्हा वाचले ते वेगळ्या कारणाने. आमच्या बाबांना हार्ट फेल्युअर होते आणि आई चार वर्षे त्यांचे करत होती. (हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. पंप चालू असतो, पण जोर कमी पडतो. पाणी अंगात साठते, पाय सुजतात, आडवे झाले की दम लागतो. रानड्यांचे दुखणे छातीतल्या कळांचे, म्हणजे थोडे निराळे. पण उशाशी बसणाऱ्याची रात्र दोन्हीकडे सारखीच.)

त्या काळी अशा रोग्यासाठी डॉक्टरांच्या हाती औषधे अगदीच नव्हती असे नाही. इंग्लंडात ब्रंटनने १८६७ साली छातीच्या कळेवर अमाईल नायट्राइट हुंगायला दिले आणि १८७९ साली मरेलने नायट्रोग्लिसरीन वापरले. हा तोच पदार्थ ज्यापासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट केला. पुढे नोबेलच्याच हृदयासाठी डॉक्टरांनी तो लिहून दिला, तेव्हा त्याला स्वतःला मोठी गंमत वाटली. सूज आणि धाप यांवर डिजिटॅलिस होते. त्याची गोष्ट आम्हा रसायनवाल्यांना फार प्रिय आहे. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण त्याला वाट दाखवली ती श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्याने. काढ्यात वीसेक पाले होते, गुण त्यातल्या फॉक्सग्लोव्हचा होता. डॉक्टराचे नाव राहिले. म्हातारीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

औषधे अशी येत गेली, पण रोग्याजवळ बसणाऱ्या माणसाला काय करायचे ते कोण सांगणार? आपल्या जुन्या वैद्यकाने हा विचार केलेला होता. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत. पहिला उपचारांचे ज्ञान, दुसरा दक्षता, तिसरा माया, चौथा स्वच्छता. माया तिसरी आहे, हे आमच्या इतक्या उशिरा लक्षात आले. आपल्या घरांत बहुधा उलटे असते. बायकोला, सुनेला, मुलीला माया आहे ना, मग झाले! ज्ञान तिचे तिने कुठून तरी मिळवावे.

रानडे गेल्यावर रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणात मिसळल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन उभे राहिले. शिवण, शिक्षण, शिक्षिकांचा वर्ग हे सगळे तेथे होतेच. पण सेवासदनने बायकांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. परक्या माणसाची शुश्रूषा करणे हे त्या वेळी ब्राह्मण घरांत हलके काम समजले जाई, टीका झालीच. नवऱ्याच्या आजारपणातून हे काम सुचले असे म्हणण्याएवढा पुरावा आमच्यापाशी नाही, आणि ओढूनताणून जोडायचाही नाही. एवढे मात्र खरे, की शुश्रूषा ही शिकायची आणि शिकवायची गोष्ट आहे हे त्यांनी मानले आणि १९२४ साली जाईपर्यंत त्या या कामात राहिल्या.

यात घरी बसून करणारी बाई मात्र राहूनच गेली. हे आपल्याकडेच झाले असेही नाही. इंग्लंडात मेरी वेब्स्टर नावाच्या बाईंनी आईवडिलांचे करण्यासाठी धर्मोपदेशकाचे काम सोडले होते. १९६३ साली त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिले, की माझ्यासारख्या अविवाहित मुली घरोघरी आहेत, त्यांची दखल कोण घेणार? पत्रांचा पाऊस पडला आणि १९६५ साली त्यांची संघटना झाली. १९७६ साली सरकारने अशा माणसांना भत्ता सुरू केला, पण विवाहित बायकांना वगळून! कारण त्या तशाही घरीच असणार. जॅकलीन ड्रेक ही आईचे करणारी विवाहित बाई त्यावर युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. म्हणजे त्या आधीच्या दहा वर्षांत रमाबाई इंग्लंडात असत्या, तर त्याही हिशेबात धरल्या गेल्या नसत्या.

आता आपल्या दाराशी येऊ. २०१२ साली ओमानसह आखातातल्या ७ देशांच्या ४७ रुग्णालयांत हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या ५,००५ रोग्यांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय निघाले ५९. रानड्यांचे वय! वर्षभरात त्यांतला सुमारे पाचातला एक रोगी दगावला. म्हणजे हा फक्त गावाकडच्या म्हाताऱ्यांचा आजार नव्हे. तो येथे नोकरीवर असणाऱ्यांचा आणि व्हिजिट व्हिसावर येणाऱ्या आईवडिलांचाही आहे.

आमच्या बाबांना एका रुग्णालयाने घरी सोडले, तेव्हा हातात इंग्रजी कार्ड दिले. आईला इंग्रजी येत नाही. तिने भाजीतले मीठ बंद केले आणि जिभेला चव हवी म्हणून पानात लोणचे व पापड वाढत राहिली. सैंधव चालते असे कोणी सांगितले, ते आणले. सैंधवही बहुतेक सोडियम क्लोराइडच. आणि पोट जड झाले की आपण घेतो त्या फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असते. मग आम्हीच शहाणपणाने इथून 'लो सोडियम' मीठ पाठवले. त्यात पोटॅशियम असते, आणि बाबांच्या काही गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम आधीच वाढत होते. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असून हे डबा पाठवल्यावर लक्षात आले! रात्रीतून फोन करून तो फेकायला लावला. गुडघेदुखीवर ते आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत. त्यांनीही अंगात पाणी धरते, हेही कोणी सांगितले नव्हते.

शेवटी एका नर्सबाईंनी आईला मराठीतून अर्धा तास दिला. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, वजन करा. वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढले, किंवा झोपताना एक उशी जास्त लागू लागली, तर थांबू नका, फोन करा. पाणी किती द्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. (मस्कतच्या जूनमध्ये हे पुन्हा विचारावे लागते, गावाकडचा आकडा इथे लागू पडेलच असे नाही.) त्या वहीने आम्हाला दोनदा वेळेवर सावध केले.

रोज इथून फोन जाई. "बाबांची तब्येत काय म्हणतेय?" तुझी झोप झाली का, हे आईला चार वर्षांत आम्ही कितीदा विचारले ते मोजायला एका हाताची बोटे पुरतील. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. तिचे ऐकायला कोणी नव्हते.

मंडळाच्या वतीने म्हणून एक करायचे ठरले आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ६ रुवीत आमच्या घरी, घरात रोगी असलेल्यांनी जमावे. रोग्याला आणू नये. त्या तासाभरात त्याच्याजवळ बसायला मंडळाचे दोघे येतील, त्यांना वही आणि वजनकाटा कसा वापरायचा ते दाखवलेले आहे. ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि इथून फोनवरच करावे लागते, त्यांनीही यावे. औषधांची यादी मराठीत लिहून हवी असल्यास गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत. डोसाबद्दल मात्र आम्ही बोलणार नाही, ते डॉक्टरांचे काम. चहा आमच्याकडे. नावे बुधवारपर्यंत कळवावीत, म्हणजे कोणी कुठे बसायला जायचे ते ठरवता येईल.