जिकरी चिठ्ठी आणि नकराई

हुंडी आणि खोका ओळखणारे संग्राहक पुष्कळ आहेत. हुंडीबरोबर जाणाऱ्या जिकरी चिठ्ठीची ओळख ठेवणारे थोडे. माझेंही लक्ष तिजकडे एका अप्रिय प्रसंगानें वळलें. गतवर्षीं मोडी कागदांच्या एका रुमालाबद्दल मीं विक्रेत्यास धनादेश दिला. पेन्शन जमा होण्यास चार दिवस अवकाश होता, खात्यांत ३०० रुपये कमी पडले आणि धनादेश परत आला. बँकेनें घेतलेला दंड तुटीहून अधिक होता. रुमालही दुसऱ्या गृहस्थांकडे गेला. पुढें बँकेनेंच ओव्हरड्राफ्टची सोय सुचविली. ती घ्यावी कीं न घ्यावी, या विचारांत जुना व्यवहार आठवला.

हुंडी लिहिणारा एका गांवीं, ती सकारणारा आडत्या दुसऱ्या गांवीं. लिहिणाराची शिल्लक आडत्याजवळ नसली, किंवा अन्य कारणें त्यानें हात आंखडला, म्हणजे हुंडी नाकारली जाई. मग हुंडी बाळगणारास मुद्दल, व्याज आणि नकराई, म्हणजे नकाराची भरपाई, लिहिणारानें द्यावी अशी रूढि होती. नकराईचा दर ठिकठिकाणीं भिन्न असे. पैशाहून मोठी हानि पतीची. ती टाळण्यासाठीं लिहिणारा, किंवा मधला एखादा धारक, त्याच गांवच्या दुसऱ्या सावकाराच्या नांवें जिकरी चिठ्ठी देई: आडत्यानें हुंडी न सकारल्यास आपण सकारावी. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानें देशी भाषांतील हुंड्यांची स्थानिक रूढि अबाधित ठेविली. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणें, अडल्या वेळचा दुसरा देणेदार बिलांत नमूद असल्यास, त्यानेंही नाकारल्यावांचून बिल नाकारलें असें धरीत नाहींत. तत्त्व एकच.

याज्ञवल्क्यानें प्रतिभू तीन सांगितले: ऋणकोस हजर करणारा, त्याच्याविषयीं विश्वास देणारा आणि स्वतः ऋण फेडणारा. पहिल्या दोहोंच्या पुत्रांवर बोजा नाहीं, तिसऱ्याच्या पुत्रांवर आहे. जिकरीचा सावकार यांपैकीं कोणीच नव्हे. चिठ्ठी पोंचली एवढ्यानें तो बांधला जात नसे. दोन पेढ्यांचा जितका स्नेह, तितकेंच त्या कागदाचें बळ. मर्यादा आधीं ठरवून घेतलेला ओव्हरड्राफ्ट त्याहून भक्कम म्हटला पाहिजे.

आतां हिशेब. तारण असलेल्या कर्जास याज्ञवल्क्याचा दर महिन्यास ऐंशीवा भाग. ३०० रुपयांस महिन्याचे ३ रुपये ७५ पैसे होतात. चार दिवसांचे ५० पैसे. माझा दंड याच्या ६०० पटींहून अधिक झाला! आजच्या बँकांचे दर निराळे, आणि बिनतारणास ते अधिकच. तरी व्याज दिवसांप्रमाणें चढतें व दंड प्रसंगाप्रमाणें पडतो, हा भेद राहतोच. शिवाय १ एप्रिल १९८९ पासून, शिलकेअभावीं परत आलेल्या धनादेशाचे पैसे नोटिशीनंतरही न दिल्यास तो गुन्हा ठरतो.

मात्र सोय आहे म्हणून तूट कायमची होऊं दिली, तर त्याच दरानें ८० महिन्यांत व्याज मुद्दलाएवढें होतें. दामदुपटाच्या नियमानें तेथें व्याजास बांध घातला होता. थोरल्या बाजीरावांनीं ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेलीं पत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस कर्जाचा जाच निराळा सांगावयास नको.

मीं सोय घेतली, पण मर्यादा लहान ठेविली. पेन्शन येतांच तूट भरून काढतों. कांहीं बँका या सोयीचें वार्षिक शुल्क घेतात, तें आधीं विचारावें. ज्यास वर्षांत एकदांही तूट येत नाहीं त्यानें तें कां भरावें?

ज्या संग्राहकांजवळ खोका व त्याची जिकरी चिठ्ठी अशी जोडी असेल, त्यांनीं तिची नक्कल कृपा करून मंडळाकडे धाडावी. मिती, नकराईचा आंकडा आणि पाठीवरील शेरा गाळूं नये.