वाफेला पैसा कोण देणार?

खापरहून पश्चिमेला निघालात, की सागबारा, डेडियापाडा ओलांडून तुम्ही एकतानगरला पोचता. म्हणजे जुनं केवडिया. सरदार पटेलांचा पुतळा बघायला आपल्या भागातून सहली जातात, तुमच्यापैकी कित्येकजण जाऊन आले असतील. तिथल्या स्टेशनात अहमदाबादहून एक हेरिटेज गाडी येते. ३१ ऑक्टोबर २०२३ ला तिचं उद्घाटन झालं. गाडीच्या पुढं जुन्या धाटणीचं इंजिन आहे, धुराडं आहे, लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. फक्त ते इंजिन वाफेवर चालत नाही, विजेवर चालतं. वाफेच्या इंजिनाचा नुसता पेहराव आहे.

मी त्या गाडीची चेष्टा करत नाहीये. प्रवासी खूश होतात, बरं आहे. पण माझ्या संशोधनातला प्रश्न या एका गाडीत जसाच्या तसा दिसतो, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. रेल्वेचा इतिहास म्हटलं की आपण रूळ कधी पडले, पहिली गाडी कधी धावली, हे शिकतो. मी बघतोय ते इंजिन निवृत्त झाल्यानंतरचा इतिहास: ते कुठं गेलं, कोणी सांभाळलं, कोणत्या पैशातनं. आणि आत्तापर्यंतच्या वाचनातून माझं मत असं झालंय, की आपल्याकडं वाफेच्या इंजिनाच्या रूपाला पैसा मिळतो, वाफेला मिळत नाही.

"खापरला रेल्वे नाही, तुला हा विषय कुठून सुचला?" असं गावात हमखास विचारतात. रेल्वे नाही हे खरंच. इकडून अक्कलकुवा, तळोदा करत नंदुरबार गाठावं तेव्हा तापी खोऱ्यातली सुरत-भुसावळ लाइन दिसते. तिकडं गुजरातेत नेत्रंगपर्यंत अरुंद मापाची छोटी गाडी यायची, तीही आता नाही. आपण दोन रेल्वेंच्या मधले लोक. पण जिथं रेल्वे नाही तिथला माणूस एक प्रश्न चटकन विचारतो, आणि तोच महत्त्वाचा आहे: जुन्या इंजिनावर कशाला पैसे घालायचे? त्याकडे शेवटी येतो. आधी पैसे नेमके जातात कुठं, ते बघू.

वाफेच्या इंजिनाचा जीव बॉयलरमध्ये असतो. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराड्याखालची पेटी, आणि मध्ये पाण्याने भरलेलं लांबलचक पिंप. भट्टीतला तापलेला वायू पिंपातून आरपार गेलेल्या नळ्यांमधून वाहतो आणि भोवतालचं पाणी उकळतो. भट्टीच्या दोन पत्र्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे शेकडो आडवे खिळे असतात. या सगळ्याला एका बाजूने पाणी, दुसऱ्या बाजूने आग. पाण्यातला क्षार साचतो, नळ्या पातळ होतात, सांधे गळू लागतात, खिळे तुटतात. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुवायचा, नळ्या बदलायच्या, कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन पाण्याने चाचणी घ्यायची. आणि काही वर्षांनी सगळं खोलून पुन्हा बांधायचं.

अमेरिकेत नियमच आहे: इंजिन १,४७२ दिवस चाललं किंवा १५ वर्षं झाली, यातलं जे आधी येईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासायचा. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांचं चक्र असतं. म्हणजे इंजिन एकदा 'दुरुस्त केलं' असं कधी होतच नाही. आज लाखो रुपये ओतून ते चालू केलं, तरी त्याच दिवसापासून पुढच्या दुरुस्तीचे पैसे साठवायला लागायचे. घर शाकारण्यासारखं आहे हे, एका पावसाळ्यावर भागत नाही.

आता याच्या शेजारी चौथऱ्यावरचं इंजिन ठेवून बघा. स्टेशनबाहेर सिमेंटचा चौथरा, त्यावर दोन रुळांचे तुकडे, वर काळ्या-लाल रंगाचं इंजिन, भोवती साखळी. खर्च एकदाच, उद्घाटनाला पाहुणे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढं चार-पाच वर्षांनी रंगाचा एक हात. आत बॉयलर गंजून चाळण झाला तरी बाहेरून कळत नाही. सरकारी हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर चौथरा हे एकदाचं काम, आणि चालतं इंजिन हा दरवर्षीचा खर्च: कोळसा, नळ्या, फिटर, फायरमन. भारतीय रेल्वे गेली काही वर्षं शंभर रुपये मिळवायला ९८च्या आसपास खर्च करतेय. अशा घरात दरवर्षी नव्याने हात पसरणाऱ्याला कोण उभं करणार?

मग इंग्लंडात कसं जमतं? लोक म्हणतात, ते श्रीमंत आहेत. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे तिथलं सगळ्यात लाडकं इंजिन. २००४ साली ते विकायला निघालं, तेव्हा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने सुमारे २३ लाख पौंडांना ते घेतलं. लोकांनी वर्गणी दिली, एका उद्योगपतीने त्या वर्गणीइतकीच भर घातली, राष्ट्रीय वारसा निधीतून मोठा वाटा आला. नंतर खरं काम सुरू झालं. दुरुस्ती संपून इंजिन पुन्हा धावायला २०१६ उजाडलं आणि त्यावर आणखी सुमारे ४२ लाख पौंड गेले. विकत घेण्याच्या जवळजवळ दुप्पट! म्हणजे तिथंही 'इंजिन वाचवा' म्हटल्यावर पैसा पटकन जमतो, बॉयलरचा पैसा मात्र रडतखडत येतो.

'टॉर्नेडो'ची गोष्ट मला जास्त शिकवून जाते. ज्या वर्गातलं एकही इंजिन उरलं नव्हतं, ते काही हौशी लोकांनी १९९० मध्ये नव्याने बांधायला घेतलं आणि २००८ मध्ये चालवून दाखवलं. सुमारे ३० लाख पौंड लागले. त्यांनी सभासदांकडे मागितलं काय? आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाइतके पैसे, पण दर महिन्याला, वर्षानुवर्षं. आपली भिशीच समजा. वाफेचा खर्च दरवर्षी येतो, म्हणून पैसाही तसाच येईल अशी सोय त्यांनी आधी लावली. गंमत म्हणजे एवढं करूनही बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगनहून करून आणावा लागला, कारण तसा बॉयलर बांधणारा कारखाना ब्रिटनमध्ये राहिला नव्हता. पैसा होता, हात नव्हते.

आपल्याकडं अशी भिशी लावता येईल का? इथं घोडं अडतं. आपल्याकडची बहुतेक जुनी इंजिनं रेल्वेच्या मालकीची. दुरुस्ती रेल्वेच्या कारखान्यात, तपासणी रेल्वेचीच, रूळ रेल्वेचे, आणि पैसा देणारीही रेल्वे. बॉयलरच्या १९२३च्या कायद्यातसुद्धा रेल्वेच्या बॉयलरांना सूट देण्याची वेगळी तरतूद होती. मालक, मिस्त्री, तपासनीस आणि देणगीदार एकच. त्यामुळे काम फार स्वस्तात होऊ शकतं, कारण कारखान्यातल्या कामगाराचा पगार कुठल्याच 'वारसा' खात्यात दिसत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की एखाद्या साहेबाला आवड असली तर इंजिन धावतं, त्याची बदली झाली की शेडमध्ये जातं. तुम्ही-मी महिन्याला शंभर रुपये द्यायचं ठरवलं, तरी अमुक इंजिनाच्या बॉयलरसाठी म्हणून ते घेणारं कोणी नाही. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत वारसा जतनाला जागा आहे, पण कंपनीला पाटी लावायला चौथरा बरा पडतो. बॉयलरच्या आतल्या नळीवर पाटी लावता येत नाही.

'फेअरी क्वीन'चं उदाहरण बघा. १८५५ साली लीड्सला बांधलेलं हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावायला लागलं, दिल्ली-अलवर पर्यटक गाडीला जोडलं गेलं, जगातलं सगळ्यात जुनं चालतं इंजिन म्हणून गिनेसमध्ये गेलं. एवढं नाव! आणि २०११ मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेले. मग चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात नेऊन दुरुस्ती, आणि २०१७ मध्ये पुन्हा रुळावर. विक्रमाचं प्रमाणपत्र होतं, रोजच्या राखणीची सोय अपुरी पडली.

जिथं इंजिन खरोखर राबतं तिथं चित्र वेगळं दिसतं. हरियाणातल्या रेवाडीच्या १८९३च्या शेडमध्ये आजही वाफेची इंजिनं जिवंत ठेवलेली आहेत, त्यातलं 'अकबर' सिनेमातही दिसतं. 'भाग मिल्खा भाग' पाहिला असेल तर तुम्ही त्याला पाहिलंय. नीलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तर तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात नवीकोरी वाफेची इंजिनं बांधली. तिथं रोज तिकिटं विकली जातात, रोज बॉयलर तापतो, म्हणून बॉयलर बांधणारे हातही टिकले.

आणि महाराष्ट्रात? पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, जरूर बघा, पण ती प्रतिकृतींची दुनिया. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, आणि ते ज्यांची आठवण सांगतं त्या सातपुड्यातल्या छोट्या गाड्या एकेक करून बंद झाल्या. माथेरानसाठी दार्जिलिंगहून ७९४ क्रमांकाचं इंजिन आणलं, पण नियमित सेवेत ते काही रुळलं नाही. सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती शकुंतलेची. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. सत्तर वर्षं! तेव्हा त्या बॉयलरचा स्वभाव जाणणारे फिटर आणि फायरमन कामावर होते. एक इंजिन चालू ठेवायचं तर तोच मुहूर्त होता, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा. त्यानंतर २०१६ मध्ये त्या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटींची घोषणा झाली. मोठ्या रकमा जाहीर होतात हो. पंचवीस वर्षं एका फिटरचा पगार आणि नळ्यांचा खर्च जाहीर करायला कोणी व्यासपीठावर चढत नाही.

आता गावातला तो प्रश्न. अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात, जिथं पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, तिथं बसून जुन्या इंजिनांसाठी पैसे मागायचे? नाही, दवाखान्याच्या पैशातनं एक रुपयाही मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण पैसा खर्च होतच नाहीये, असंही नाही. चौथऱ्यांवर होतोय, रंगावर होतोय, वाफेचा वेश घेतलेल्या विजेच्या इंजिनावर होतोय. म्हणून माझा प्रश्न मर्यादित आहे: दहा स्टेशनांबाहेर दहा गंजती इंजिनं उभी करण्याऐवजी राज्यात एकच चालू ठेवावं का? माझं उत्तर हो आहे. बाकीची नऊ झाकून, कोरडी, शेडमध्ये ठेवावीत, निदान सुटे भाग तरी मिळतील.

यात घाई आहे ती लोखंडापेक्षा माणसांची. देशातली ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा १९९५ मध्ये संपली. त्या वेळी पंचविशीत असलेला फायरमन आता पंचावन्न ओलांडून गेलाय. नळीचं तोंड ठोकून किती रुंद करायचं, गार बॉयलर किती हळू तापवायचा म्हणजे पत्रा तडकत नाही, हे त्याच्या हातात आहे, कागदावर फार थोडं आहे.

तुमच्या घरात, नात्यात कोणी भुसावळ, अमळनेर, नंदुरबारकडं लोको शेडमध्ये फिटर, फायरमन, बॉयलर मेकर होतं का? पाचोरा-जामनेरच्या पीजेवर काम केलेलं कोणी? असेल तर त्यांच्याशी बोलायचंय. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यांच्यावाचून लिहिता येणार नाही.