स्नोबोर्डिंगचे स्पर्धाप्रकार : घड्याळ आणि परीक्षक

प्रस्तावना :
खेळाचे स्पर्धाप्रकार ही सामान्यतः केवळ नियमांची बाब मानली जाते. स्नोबोर्डिंगच्या इतिहासात मात्र स्पर्धेचे स्वरूप ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच कळीचा प्रश्न राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

दोन परंपरा :
१९६५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ हे साधन तयार केले. त्यातूनच पुढे स्नोबोर्ड विकसित झाला. १९८२ मध्ये व्हर्माँट राज्यात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत स्लालम व डाउनहिल हे स्कीइंगचे प्रकार स्वीकारले गेले. त्यांत निर्णय घड्याळाचा असे. १९८३ मध्ये टॉम सिम्स यांनी कॅलिफोर्नियातील सोडा स्प्रिंग्ज येथे हाफपाइपची स्पर्धा भरविली. बर्फात कोरलेल्या अर्धनळीच्या भिंतींवरून हवेत उसळून केलेल्या कसरतींना येथे परीक्षक गुण देतात. ही कल्पना स्केटबोर्डिंगची. सिम्स स्वतः स्केटबोर्डपटू होते.

मान्यतेचा संघर्ष :
१९९० च्या सुमारास खेळाडूंच्या पुढाकाराने स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्नोबोर्ड महासंघ स्थापन झाला. तथापि ऑलिंपिक समितीने या खेळाचे नियंत्रण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे सोपविले. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लालम व हाफपाइप यांचा समावेश झाला. परंतु नॉर्वेचा अग्रगण्य हाफपाइपपटू तेर्ये हाकोनसेन याने निषेध म्हणून त्यावर बहिष्कार टाकला. २००२ मध्ये स्वतंत्र महासंघ बंद पडला.

प्रकारांचा विस्तार :
दूरचित्रवाणीसाठी आखलेल्या हिवाळी एक्स गेम्समध्ये १९९७ पासून खेळल्या गेलेल्या प्रकारांना ऑलिंपिकने उशिरा स्थान दिले : अनेक खेळाडू एकत्र धावतात तो स्नोबोर्ड क्रॉस २००६ मध्ये, अडथळे व उड्यांचा स्लोपस्टाइल २०१४ मध्ये आणि एकाच भव्य उडीचा बिग एअर २०१८ मध्ये. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये क्रॉसच्या अंतिम फेरीत आघाडीवर असलेली अमेरिकेची लिंडसी जेकोबेलिस शेवटाकडील उडीत हाताने बोर्ड पकडण्याची कसरत करताना पडली आणि तिला रौप्यपदक मिळाले. शर्यतीत त्या कसरतीला एकही गुण नव्हता. तिने सुवर्णपदक मिळविले ते २०२२ मध्ये.

निष्कर्ष :
संस्थात्मक संघर्षात स्नोबोर्डपटूंचा पराभव झाला. तथापि हाफपाइप, स्लोपस्टाइल व बिग एअर यांच्या रूपाने त्यांची क्रीडाकल्पना त्याच स्की महासंघाच्या नियमावलीत रुजली. सत्ता संस्थेकडे गेली, तरी खेळाची व्याख्या सर्वस्वी तिच्या हाती राहिली नाही.