अस्मानी, सुलतानी आणि सरासरी : विम्याच्या काही शब्दांचा माग

आमच्या काकांचं इंदूरच्या क्लॉथ मार्केटात कापडाचं छोटं दुकान होतं. एका रात्री मागच्या खोलीत आग लागली. दुकानात माल होता ८ लाखांचा, पॉलिसी ४ लाखांची आणि जळाला २ लाखांचा. काकांचा हिशेब सरळ होता : चार लाखांचा विमा आहे, दोनाचं नुकसान झालंय, तर दोन मिळणार. मिळाला १ लाख. सर्व्हेअरने 'अ‍ॅव्हरेज क्लॉज' या शब्दांवर बोट ठेवलं. काका शेवटपर्यंत म्हणत राहिले, 'आपले जुने सराफ असे नव्हते.' मंडळात हुंड्यांवर टिपण वाचायचं ठरलं तेव्हा मला त्यांचं हेच वाक्य आठवलं. जुने सराफ खरंच कसे होते, हे त्यांच्याच शब्दांतून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

विमा शब्दाचं मूळ फारसीत आहे. 'बीम' म्हणजे भीती. इंदुरात आपण घरी विमा म्हणतो आणि बाजारात बीमा. फारसीच्या जवळचा बाजारचाच. १६९५ च्या सुमारास सुजानराय भंडारी याने 'खुलासत-उत-तवारीख' या फारसी ग्रंथात या व्यवहाराचं वर्णन केलं आहे. रस्ते धोक्याचे, म्हणून व्यापारी माल सराफाकडे सोपवी आणि सराफ ठरलेला मोबदला घेऊन तो मुक्कामी सुखरूप पोचवून देई. म्हणजे हा धंदा इंग्रजांनी आणला, हा समज चुकीचा आहे.

किनाऱ्यावर याचंच एक रूप म्हणजे जोखमी हुंडी. जहाजात माल भरणारा व्यापारी पलीकडच्या बंदरातल्या खरेदीदारावर हुंडी लिही आणि ती इथेच तिसऱ्याला दर्शनी रकमेपेक्षा कमी किमतीत विकून पैसे मोकळे करी. जहाज पोचलं तर हुंडी घेणाऱ्याला पूर्ण रक्कम, बुडालं तर त्याचे पैसे बुडाले. मधला फरक म्हणजे व्याज अधिक जोखमीचा मोबदला. आज आपण ज्याला प्रीमियम म्हणतो तो या फरकातच दडलेला होता. गंमत म्हणजे जोखीम हा शब्द धोक्यासाठी वापरतात तसाच ऐवजासाठीही. 'प्रवासात अंगावर जोखीम घालू नकोस' असं आमची आजी म्हणायची तेव्हा ती दागिन्यांबद्दल बोलत असे. माळवा-राजपुतान्यातला 'हुंडाभाडा' हाही जवळचाच प्रकार : वाहतूक, वाटेवरच्या चौक्यांची जकात आणि जोखीम मिळून एकच ठोक रक्कम.

या सगळ्याचा दर रस्त्यावर ठरे. पेंढाऱ्यांच्या काळात माळव्यातून माल पाठवणं किती महाग पडत असेल, विचार करा. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि रस्ते हळूहळू निवळले. पुढे १८२३ मध्ये माल्कमने मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात सावकारांच्या हुंडी-विम्याचीही दखल आहे. त्याच १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, मुख्यतः युरोपियनांसाठी. पुढे विमे मिळू लागले तरी भारतीय माणसाच्या जिवाला जादा प्रीमियम लावत. बरोबरीच्या दराने विमा उतरवणारी बाँबे म्युच्युअल १८७० ची.

इथून पुढे छापील कागद आला आणि ओळखीचे शब्द नव्या अर्थाने वापरले जाऊ लागले. माझ्या मते घोटाळा इथेच होतो. हप्ता घ्या. मूळ अर्थ आठवडा, मग आठवड्याला द्यायची रक्कम. कर्जाचा हप्ता थकला तर देणं अंगावर राहतं, सावकार मागे लागतो. विम्याचा थकला तर कुणी दारात येत नाही. वार्षिक हप्त्याच्या आयुर्विम्यात ३० दिवसांची सवलत संपली की संरक्षणच बंद पडतं. 'दावा'ही तसाच. आपल्याकडे दावा कोर्टात ठोकतात, नाहीतर दावा साधतात, म्हणजे सूड घेतात. त्यामुळे क्लेमचा अर्ज भरताना भांडायला निघाल्यासारखं का वाटतं, ते कळतं. आणि 'नॉमिनी'ला घरोघरी वारस म्हणतात. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने आयुर्विम्यात आईवडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, असं झालं. पुतण्याचं नाव घातलं असेल तर जुनाच नियम.

सगळ्यांत टिकून राहिलेली जोडी मात्र 'अस्मानी-सुलतानी'. मराठेशाहीतल्या कागदांत दुष्काळ-अतिवृष्टी ही अस्मानी आणि फौजेची धामधूम ही सुलतानी. दोन्हींत रयतेला साऱ्याची सूट मागता येई. आजच्या घराच्या पॉलिसीत हे दोघं वेगळे झाले आहेत. पूर, वादळ, भूकंप आत. युद्ध आणि परकी आक्रमण बाहेर. पॉलिसीतली 'एक्स्क्लूजन्स' म्हणजे ही बाहेर ठेवलेली यादी.

आता काकांची 'सरासरी'. हे अ‍ॅव्हरेज शाळेतलं नव्हे. शब्द जहाजी व्यापारातला, बहुधा अरबी 'अवार' म्हणजे खराब झालेला माल यावरून युरोपात गेलेला. नुकसान सगळ्या मालावर विभागून सोसायचं, हे त्याचं मूळ काम. दुकान ८ लाखांचं आणि विमा रक्कम ४ लाखांची, तर निम्म्या मालाचे विमेदार काका स्वतःच. जे जळालं त्यातलं निम्मं त्यांच्याच वाट्याला. हुंडीवाल्या सराफानेही वेगळं काय केलं असतं? त्याची जोखीम लिहिलेल्या रकमेपुरती. न लिहिलेल्या मालाची ज्याची त्याच्यावर. फरक इतकाच की त्या काळी दोघंही एकाच पेढीवर बसून आकडा ठरवत. काकांनी मात्र पॉलिसी काढताना घातलेला आकडा कधी बदललाच नाही. माल महागत गेला, कागदावर चारच राहिले.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात हे सरासरीचं कलम लावत नाहीत. छोट्या दुकानांच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'मध्ये १५ टक्क्यांपर्यंत कमी आकडा चालवून घेतात. काकांची तफावत ५० टक्के होती.